मेगाब्लॉकच्या रविवारी लोकलने जायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शनिवारची संध्याकाळ झाली की मुंबई, ठाणे, नवी मुंबईतल्या प्रत्येक व्हॉट्सअॅप ग्रुपवर "उद्या ब्लॉक कुठे आहे?" सुरू होतं. मग कोणीतरी रेल्वेचं पत्रक टाकतं आणि ते वाचूनही बऱ्याच जणांना कळत नाही की आपली गाडी आहे की नाही. पत्रकाची भाषा रेल्वेच्या माणसाला सोयीची असते. आपल्याला पाहिजे असतं एवढंच, की गाडी माझ्या स्टेशनात थांबणार का. खालच्या वेळा आणि हद्दी नेहमीच्या शिरस्त्याप्रमाणे दिल्या आहेत. त्या त्या रविवारचं पत्रक मात्र बघायलाच हवं.

मेगाब्लॉक म्हणजे लोकल बंद का?

मेगाब्लॉक म्हणजे देखभालीच्या कामासाठी एखादा मार्ग काही तास गाड्यांना बंद ठेवणं. लोकल मात्र मुख्य मार्गावर बंद नसते, हार्बरवर (सीएसएमटी ते वाशी-पनवेल आणि गोरेगाव) बऱ्याचदा असते. सगळा फरक रुळांच्या संख्येचा आहे. मध्य रेल्वेच्या सीएसएमटी ते कल्याण पट्ट्यात आणि पश्चिम रेल्वेच्या चर्चगेट ते विरार पट्ट्यात लोकलसाठी चार मार्ग आहेत: अप धीमा, डाऊन धीमा, अप जलद, डाऊन जलद. त्यातला एखादा कामासाठी घेतला तरी त्याची गाडी शेजारच्या मार्गावरून काढता येते. हार्बर आणि ट्रान्स-हार्बरला (ठाणे ते वाशी-पनवेल) जायला एक आणि यायला एक, असे दोनच मार्ग. तिथे दोन्ही घेतले की त्या पट्ट्यात गाडी चालवायला जागाच उरत नाही.

म्हणून पत्रक हातात आलं की तीन गोष्टी शोधा: कुठून कुठपर्यंत, कोणता मार्ग, किती ते किती. 'अप' म्हणजे सीएसएमटी किंवा चर्चगेटच्या दिशेने, 'डाऊन' म्हणजे तिथून लांब जाणारी. बाकीचा मजकूर या तीन गोष्टींवरूनच उलगडतो.

ब्लॉक ११ ला सुरू होतो म्हणतात. मग १०.४५ ची गाडी नेहमीसारखी जाईल ना?

सीएसएमटीहून सुटणारी असेल तर बहुधा नाही. मध्य रेल्वेचा ठरलेला ब्लॉक माटुंगा ते मुलुंड, साधारण सकाळी ११.०५ ते दुपारी ३.५५. ही वेळ माटुंग्याला लागू होते. सीएसएमटीहून निघालेली गाडी माटुंग्याला पोचेपर्यंत ब्लॉक लागलेला असू शकतो. त्यामुळे साडेदहाच्या आसपास सुटलेल्या जलद गाड्याही वळवलेल्या यादीत दिसतात. संध्याकाळी याच्या उलट चित्र. ब्लॉक चारला संपला तरी वेळापत्रक रुळावर यायला पाच-साडेपाच होतात, कारण विस्कटलेल्या गाड्या, मोटरमन आणि गार्ड आपापल्या जागी पोचायला वेळ जातो.

हार्बरचा ब्लॉक साधारण ११.१० ते ४.१० असतो, पश्चिम रेल्वेचा १० ते ३. पश्चिमवाले त्याला जम्बो ब्लॉक म्हणतात, काम तेच.

जलद मार्गावर ब्लॉक असेल तर माझं काय बिघडतं?

थोडंसंच बिघडतं. डाऊन जलद गाड्या माटुंग्याला धीम्या मार्गावर येतात, शीव, कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंड अशा थांबत जातात आणि पुढे परत जलद मार्गाला लागतात. डोंबिवलीला घरी पोचायला पंधरा-वीस मिनिटं जास्त धरा. शीव किंवा भांडुपला राहणाऱ्यांना तर लॉटरीच, एरवी तोंडावरून निघून जाणारी कर्जत फास्ट त्या दिवशी दारात थांबते.

आणि धीम्या मार्गावर असेल तर?

इथे लक्ष द्या, कारण रविवारी फसगत होते ती इथे. धीमी गाडी जलद मार्गावरून गेली की ती फक्त जलद मार्गाला प्लॅटफॉर्म असलेल्या स्टेशनांतच थांबू शकते. जिथे प्लॅटफॉर्मच नाही तिथे मोटरमनची कितीही इच्छा असली तरी उपयोग नाही.

माटुंगा ते मुलुंड पट्ट्यात सुटणारी स्टेशनं विद्याविहार, कांजूरमार्ग आणि नाहूर. सीएसएमटी ते विद्याविहार पट्ट्यात धीमी गाडी भायखळा, परळ, दादर, माटुंगा, शीव, कुर्ला अशी थांबते. म्हणजे मशीद, सँडहर्स्ट रोड, चिंचपोकळी, करी रोड वगळून. ठाण्याच्या पुढे ब्लॉक असेल तर कळवा, मुंब्रा, कोपर आणि ठाकुर्लीवाल्यांनी पत्रक दोनदा वाचावं. पश्चिम रेल्वेवर महालक्ष्मी, प्रभादेवी आणि माटुंगा रोड यांची हीच गत.

तुमचं स्टेशन या नावांत असेल तर ते लक्षात ठेवा. दर रविवारी हद्द बदलेल, पण प्लॅटफॉर्म नसलेली स्टेशनं तीच राहतील.

माझं स्टेशन वगळलंय. मग जायचं कसं?

एक स्टेशन पुढे जाऊन मागे या. समजा डाऊन धीम्या मार्गावर ब्लॉक आहे आणि तुम्हाला दादरहून कांजूरमार्गला जायचंय. डाऊन गाडीने भांडुपला उतरा, पुलावरून पलीकडे जा आणि अप धीम्या गाडीने एक स्टेशन मागे कांजूरमार्गला या. कांजूरमार्गहून ठाण्याकडे निघायचं असेल तर आधी अप धीम्याने विक्रोळी, तिथे पूल ओलांडून ठाण्याच्या दिशेची गाडी. ऐकायला द्राविडी प्राणायाम वाटतो, पण मुलुंडहून रिक्षा करून रविवारच्या एलबीएस रोडवर अडकण्यापेक्षा हे लवकर होतं.

अट एकच, उलट दिशेचा धीमा मार्ग चालू हवा. कधी अप आणि डाऊन दोन्ही धीमे मार्ग एकाच वेळी घेतात. मग पुढच्या-मागच्या स्टेशनावर उतरून रिक्षा, बस किंवा पायपीट. विद्याविहार ते घाटकोपर चालत जाणारे पुष्कळ आहेत.

गाडी स्टेशनात थांबली, थोडी पुढे गेली आणि पुन्हा थांबली. बिघाड झाला का?

नाही, तो दुहेरी थांबा. काही स्टेशनांत जलद मार्गाचा प्लॅटफॉर्म गाडीच्या लांबीपेक्षा तोकडा आहे. पश्चिम रेल्वेवर लोअर परळ आणि माहीम ही त्यातली नेहमीची नावं. गाडी आधी पुढचे डबे प्लॅटफॉर्मला लावून थांबते, मग सरकते आणि मागचे डबे लागतात. तुमचा डबा पहिल्या थांब्याला प्लॅटफॉर्मच्या बाहेर असेल तर दारात उभं राहून खडीवर उडी मारू नका. अर्धा-एक मिनिट धीर धरा, तुमची पाळी येते.

हार्बरला ब्लॉक आहे आणि मला सीएसएमटीहून वाशीला जायचंय.

कुर्ला ते वाशी दोन्ही मार्ग बंद असतील तर सीएसएमटी ते कुर्ला आणि वाशी ते पनवेल अशा विशेष गाड्या ठेवतात. मधला भाग तुम्हाला स्वतः जोडावा लागतो. त्यासाठी मुख्य मार्गाने ठाणे आणि ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने वाशी, हा राजमार्ग. ठाण्यात उतरलात की ९ आणि १० नंबरचे प्लॅटफॉर्म गाठा, ट्रान्स-हार्बरच्या गाड्या तिथून सुटतात. रविवारी दुपारी ठाण्याच्या पुलांवर मुंगी शिरायला जागा नसते. सोबत लहान मूल किंवा वयस्कर मंडळी असतील तर गाड्यांमध्ये वीसेक मिनिटांचं अंतर ठेवूनच बेत करा.

मानखुर्द, गोवंडी, चेंबूरवाल्यांना मात्र ठाण्याचा वळसा कामाचा नाही, कारण त्यांचं स्टेशनच बंद पट्ट्यात येतं. त्यांनी बेस्ट धरावी. कुर्ला आणि घाटकोपरकडून बस मिळते, आणि कुर्ल्यापर्यंत मुख्य मार्गाची लोकल असतेच.

सीएसएमटी ते वांद्रे-गोरेगाव बाजूला ब्लॉक असेल तर दादरला गाडी बदलून पश्चिम रेल्वेने जा. दादरचे प्लॅटफॉर्म डिसेंबर २०२३ पासून सलग क्रमांकाचे आहेत, १ ते ७ पश्चिम रेल्वे आणि ८ ते १४ मध्य रेल्वे. "मध्यचा एक नंबर" शोधणारे अजूनही भेटतात.

तिकीट हार्बरचं आहे. ठाण्यामार्गे गेलो तर टीसी धरणार नाही?

ब्लॉकच्या दिवशी हार्बरच्या प्रवाशांना पर्यायी मार्गाने जायची मुभा देतात, सहसा सकाळी १० ते संध्याकाळी ६ या वेळेत. पास असो की साधं तिकीट, वेगळे पैसे पडत नाहीत. पण ही मुभा पत्रकात लिहिलेली असते, मार्ग आणि वेळेसह. तिचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. टीसीशी हुज्जत घालण्यापेक्षा फोटो दाखवणं सोपं. साडेसहाला तुम्ही अजून ठाण्यातच असाल तर मुभा संपलेली असते, आणि विनातिकीट पकडलं गेल्यावर २५० रुपये दंड अधिक भाडं भरावं लागतं.

वगळलेल्या स्टेशनांसाठी पुढे जाऊन मागे येण्याचीही परवानगी याच पद्धतीने दिलेली असते. मेट्रो आणि बसला मात्र तुमचं लोकलचं तिकीट चालत नाही.

ब्लॉकमुळे गेलोच नाही. पैसे परत मिळतात का?

पासाची मुदत ब्लॉकसाठी वाढवून मिळत नाही. साध्या तिकिटावर परतावा घ्यायचा तर माणशी ३० रुपये कापले जातात. लोकलची बहुतेक सेकंड क्लासची तिकिटं त्याहून स्वस्त, म्हणजे हातात शून्य. त्यापेक्षा तिकीट काढण्याआधी इंडिकेटर बघा. उपनगरी तिकिटावर तासाभरात प्रवास सुरू करावा लागतो, हेही ब्लॉकच्या दिवशी विसरून चालत नाही. गाडी उशिरा आहे म्हणून बाहेर चहा-वडापाव करत बसलात तर तिकीट शिळं होतं.

हे काम रात्री का करत नाहीत?

रात्रीही करतात. पण मुंबईच्या लोकलची रात्र फार छोटी. शेवटची गाडी मध्यरात्रीनंतर कारशेडला किंवा शेवटच्या स्टेशनात पोचते आणि पहाटे चारच्या सुमाराला पहिली निघते. मधल्या तीनेक तासांत ओव्हरहेड वायरचा २५,००० व्होल्टचा प्रवाह बंद करायचा, यंत्रं साइडिंगमधून जागेवर आणायची, काम करायचं, तपासायचं आणि सगळं उचलून परत जायचं. हाताला लागतात दीड-दोन तास. त्यात क्लिपा बदलणं, तपासणी, किरकोळ दुरुस्ती होते. अख्खा रूळ किंवा सांधा बदलायला ते पुरत नाहीत. रोज तीन हजारांहून जास्त लोकल फेऱ्या चालणाऱ्या शहरात सलग पाच तास सापडतात ते रविवारी दुपारीच.

रविवारीच आमच्या लग्नकार्यांचा खोळंबा का, ही तक्रार मला मान्य आहे. पण मंगळवारी सकाळी हे केलं तर काय होईल याचाही विचार करून बघा.

पाच तासांत ते नेमकं करतात तरी काय?

ब्लॉकच्या दिवशी धीम्या गाडीच्या खिडकीत बसलात तर दिसतं. नारिंगी जाकिटातले गँगमन आधी स्लीपरवरच्या लोखंडी क्लिपा हातोड्याने ठोकून सोडवतात. गाडीच्या रुळाचं वजन मीटरला ६० किलो. त्याचा छोटासा तुकडा उचलायलाही दहा-बारा माणसं चिमटे लावून एका आवाजात हलतात. नवा रूळ बसला की दोन टोकांमध्ये बोटभर फट ठेवतात, तिच्याभोवती साचा बांधतात आणि वर ठेवलेल्या भांड्यात मसाला पेटवतात. काही क्षण डोळे दिपवणारा उजेड होतो आणि वितळलेलं पोलाद साच्यात उतरतं. ते घट्ट झालं की गरम असतानाच वरचा फुगवटा छाटतात आणि मग घासून गुळगुळीत करतात. हे झालं थर्मिट वेल्डिंग. पूर्वीचा खडाक-खडाक आवाज कमी झाला तो अशा जोडांमुळे.

याखेरीज खडी चाळायचं काम असतं. स्लीपरखालची खडी गाड्यांच्या माराने झिजून तिचा चुरा होतो, त्यात माती आणि कचरा मिसळतो आणि पावसाचं पाणी निचरायचं थांबतं. मोठं पिवळं यंत्र ती उपसून चाळतं, चांगली खडी परत टाकतं. पाठोपाठ टँपिंग मशीन येतं. त्याचे लोखंडी दात स्लीपरच्या दोन्ही बाजूंनी खडीत घुसतात आणि थरथरत ती स्लीपरखाली घट्ट दाबतात. एवढ्यात सिग्नलवाले आणि ओव्हरहेडवाले आपली कामं त्याच ब्लॉकमध्ये उरकून घेतात, म्हणजे त्यांच्यासाठी वेगळा रविवार जात नाही.

काम रविवारी झालं. मग सोमवारी सकाळी गाडी का रखडते?

नवी किंवा चाळलेली खडी लगेच पक्की बसत नाही. तिच्यावरून गाड्या जाऊन जाऊन ती दबते. तोवर त्या तुकड्यावर वेगमर्यादा असते आणि ती टप्प्याटप्प्याने उठवली जाते. एकेका गाडीची दोन-तीन मिनिटं जातात, पण सकाळी गाडीमागे गाडी असल्याने तोच उशीर मागे मागे साचत जातो. "काम करून वाट लावली" असं डब्यात ऐकू येतं, पण काही दिवस हे व्हायचंच.

शनिवारी रात्रीचा जम्बो ब्लॉक म्हणजे काय? शेवटची लोकल मिळेल का?

पश्चिम रेल्वे बऱ्याचदा शनिवार-रविवारच्या मधल्या रात्री चार तासांचा ब्लॉक घेते, मग रविवारी दिवसा उपनगरी मार्गावर ब्लॉक नसतो. पत्रकात तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. अशा रात्री शेवटच्या काही गाड्या रद्द होतात किंवा अलीकडेच थांबतात. नाटकाचा रात्रीचा प्रयोग बघून वसई-विरारला परतणाऱ्यांनी शेवटच्या गाडीच्या भरवशावर राहू नये. तिच्या आधीची पकडा.

६३ तासांचा ब्लॉक तो हाच का?

नाही, ते प्रकरण वेगळं. रविवारचा ब्लॉक देखभालीचा, तर असे ब्लॉक नव्या बांधकामाचे असतात. ३० मे २०२४ च्या मध्यरात्रीपासून ठाण्याच्या ५ नंबर प्लॅटफॉर्मच्या रुंदीकरणासाठी ६३ तासांचा आणि पुढच्या मध्यरात्रीपासून सीएसएमटीचे १० आणि ११ नंबर लांबवण्यासाठी ३६ तासांचा ब्लॉक घेतला होता. तीन दिवसांत ९३० लोकल फेऱ्या रद्द झाल्या आणि रेल्वेने कंपन्यांना घरून काम द्यायची विनंती केली. त्याआधी फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचव्या-सहाव्या मार्गिकेसाठी ७२ तासांचा झाला, नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाक पूल पाडायला २७ तासांचा, आणि २०२३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात खार-गोरेगाव सहाव्या मार्गिकेसाठी पश्चिम रेल्वेवर कित्येक दिवस रोज शेकडो फेऱ्या रद्द होत होत्या.

असा ब्लॉक जाहीर झाला की पर्यायी मार्ग शोधत बसू नका. शक्य असेल तर प्रवासच टाळा.

त्या दिवशी कोकणात किंवा पुण्याला जायची गाडी आहे.

साध्या रविवारी मेल-एक्स्प्रेसला दहा-पंधरा मिनिटं उशीर धरा. मोठ्या ब्लॉकमध्ये मात्र गाड्या दादर, ठाणे, पनवेल, पुणे किंवा नाशिकपर्यंतच येतात आणि तिथूनच परत सुटतात. सामानसुमान घेऊन सीएसएमटीला जाण्याआधी गाडी कुठून सुटणार हे १३९ वर विचारा. गाडी रेल्वेनेच रद्द केली तर आरक्षणाचे पूर्ण पैसे मिळतात, आणि ई-तिकिटाचे आपोआप खात्यात येतात.

मुलाची परीक्षा त्याच दिवशी आहे. किती आधी निघू?

परीक्षेची वेळ ब्लॉकच्या आधीची असेल तर जाताना अडचण नाही, परतीचं बघा. दुपारची असेल तर ब्लॉक लागायच्या आतच केंद्राच्या जवळ पोचून बसा, मग तीन तास पायरीवर अभ्यास करावा लागला तरी चालेल. सणावाराला किंवा मोठ्या परीक्षेच्या दिवशी ब्लॉक रद्द झाल्याची उदाहरणं आहेत, पण तुमच्या मुलाच्या परीक्षेसाठी तसं होईल हे धरून चालू नका. घाटकोपर-वर्सोवा मेट्रो, आरे-कफ परेड भुयारी मेट्रो हे मार्ग रेल्वेच्या ब्लॉकपासून मुक्त आहेत. केंद्र त्यांच्या वाटेवर असेल तर सरळ तेच घ्या.

रूळ बंदच आहे तर पूल चढण्यापेक्षा खालून गेलो तर?

जाऊ नका. बंद मार्गावर टँपिंग मशीन आणि ओव्हरहेड वायरच्या कामाची टॉवर वॅगन न सांगता पुढे-मागे होत असतात, आणि शेजारच्या मार्गावर त्या दिवशी एरवीपेक्षा जास्त गाड्या असतात. नेहमी धीमी येते त्या रुळावर अचानक जलद येते, तीही न थांबता. कायद्याने सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड आहे, तो वेगळाच.

इंडिकेटर एक सांगतो, मोबाइल अॅप दुसरंच, घोषणा तिसरंच. खरं काय मानू?

आधी घोषणा, मग इंडिकेटर, अॅप सगळ्यात शेवटी. ब्लॉकच्या दिवशी अॅपमधलं वेळापत्रक म्हणजे कागदावरचं वेळापत्रक, वळवलेली गाडी त्यात दिसेलच असं नाही. प्रवाशांनी टाकलेले ताजे संदेश मात्र वाचा, ते बरेच उपयोगी पडतात. प्लॅटफॉर्म शेवटच्या क्षणी बदलतो, त्यामुळे खाली उतरून थांबण्यापेक्षा पुलावर, दोन्ही जिन्यांच्या मध्ये उभे राहा. आणि गाडी आल्यावर चढण्याआधी दारातल्या माणसाला विचारा, "विद्याविहारला थांबणार का?" तो मान हलवून नाही म्हणाला तर पुढची बघा.